हार्ड डिस्कची खंडेनवमी

निमगाव केतकीत लग्न ठरलं की मंडपवाल्याच्याही आधी फारुकला निरोप जातो. फारुक अत्तार म्हणजे पन्नाशीचा, बुटका, सदा घाईत असलेला माणूस. शूटिंगला तो सगळ्यांच्या आधी हजर आणि व्हिडिओ द्यायला सगळ्यांच्या शेवटी. लग्नाचा व्हिडिओ बारशाला मिळतो अशी त्याची ख्यातीच आहे. कुणी चिडून दुकानात आलंच, तर बाळाला आईबापाचं लग्न बघायला मिळालं, हे भाग्य कुणाच्या नशिबी असतं, असं म्हणून तो खुर्ची पुढे सरकवतो. चिडलेला माणूस हसतो, बसतो आणि चहा पिऊन घरी जातो.

लोक त्याचं एवढं सोसतात ते एका गोष्टीसाठी. फारुक टिपलेलं पुसत नाही. कुठला नवरदेव घोडीवरून घसरला, कुठला व्याही रुसून उसाच्या फडात जाऊन बसला, मंगलाष्टकं चालू असताना कोणत्या मामाला डुलकी लागली, सगळं त्याच्याकडे असतं. व्हिडिओत तो हे घालत नाही, चहाडी करत नाही, पण ठेवतो. रुसलेला तोच व्याही पुढे म्हातारपणी स्वतःहून दुकानात येतो आणि हळूच विचारतो, ते फडातलं हाय का रे अजून? मग दोघं शटर अर्धं ओढून पोट धरून हसतात.

धंदा सुरू केला तेव्हा कॅसेटचा जमाना होता. कॅसेट अडकायची, फीत तुटायची. फारुकची बायको सबिना जमिनीवर मांडी घालून बसायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. नवरीच्या आत्याचा अर्धा चेहरा जायचा, बाकी लग्न शाबूत. फारुकला त्या दिवसांची फार ओढ आहे. कॉम्प्युटर आल्यापासून त्याची एकच तक्रार. या यंत्राचं जरा कुठे बिनसलं की आत्याच काय, नवरी, नवरा, मंडप, सगळंच नाहीसं होतं. वर ते यंत्र थंडपणे विचारतं, फॉरमॅट करू का? फारुकला हा प्रश्न ऐकला की घर जळालेल्या माणसाला अंगण सारवून देऊ का असं विचारल्यासारखं वाटतं. तो कधीही हो म्हणत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सावळारामआबांच्या नातीचं, उत्कर्षाचं लग्न झालं. आबा म्हणजे गावातलं जुनं, वजनदार माणूस. पानमळा, ऊस, आणि बाजारपेठेतले गाळे. फारुकचा स्टुडिओ त्यांच्याच गाळ्यात. आबांना हसताना पाहिलेली माणसं गावात थोडी, आणि त्यांच्यावरही बाकीच्यांचा विश्वास नाही. तर उत्कर्षाच्या हळदीला डीजेचा जनरेटर बंद पडला. पोरं हिरमुसली. कुणीतरी हलगीवाल्याला पुढे ढकललं, हलगी कडाडली, आणि काय अंगात आलं कुणास ठाऊक, सावळारामआबा उठले, फेट्याचा शेमला कमरेला खोचला आणि नाचायला लागले. मंडप असा काही ओरडला की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बघायला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पुन्हा आबा झाले. काठी घेऊन घरोघर फिरले आणि ज्यांनी ज्यांनी मोबाईलवर शूटिंग केलं होतं त्यांना समोर उभं करून पुसायला लावलं. आबांपुढे नाही म्हणायची कुणाची छाती. शेवटी ते स्टुडिओत आले. फारुकने त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पान दिलं, पण पुसायचं म्हटल्यावर हात जोडले. आबा, गाळा खाली करतो, पण पुसत न्हाय, असं तो म्हणाला. आबा पान तोंडात टाकून निघून गेले. तेव्हापासून आख्ख्या गावात आबांचा नाच फक्त फारुकच्या हार्ड डिस्कवर होता.

आणि तो ज्यांनी बघायला हवा होता त्यांनीच तो पाहिला नव्हता. मुक्ताबाईंच्या, म्हणजे आबांच्या कारभारणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशन त्या टाळत होत्या. आधी लग्न होऊ दे, मग पाऊसपाणी होऊ दे, मग गौरी होऊ देत. खरं तर डोळ्याला सुरी लागणार याचीच त्यांना धास्ती होती. हळदीत त्या मंडपाच्या खांबाशेजारी खुर्चीवर बसून होत्या. समोर नुसतं पिवळं धुकं आणि आवाज. नवरा नाचला हे त्यांना लोकांकडून कळलं. त्यांनी ज्याला त्याला विचारलं. कुणी म्हणे तालमीतल्या पैलवानासारखे नाचले, कुणी म्हणे बैल हाकल्यासारखे. खुद्द आबांना विचारलं तर म्हणाले, पायात मुंगळा शिरला हुता.

गौरी उठल्या आणि एक दिवस मुक्ताबाई सुनेचा हात धरून स्टुडिओत आल्या. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "फारुक, मी ऑपरेशनला जाती बारामतीला. पर आल्यावर पयलं ते बघणार. ठेवशील न्हवं?"

"काकी, माझ्याकडचं कुठं जातंय," फारुक म्हणाला.

गावातल्या डॉक्टरला जमलं नव्हतं, पोरांना जमलं नव्हतं, ते आबांच्या नाचाने जमवलं. नवरात्र बसताच मुक्ताबाई बारामतीला उत्कर्षाच्या सासरी राहायला गेल्या, दवाखान्यात नाव घातलं आणि चार दिवसांत ऑपरेशन झालंही.

फारुकलाही हुरूप आला. काकी नव्या डोळ्यांनी बघणार, तर त्याने नवी मोठी हार्ड डिस्क आणली. जुनीत कॅसेटवरून उतरवलेल्यांसकट सगळ्या गावाची लग्नं कोंबून भरलेली, ती आता कुरकुर करत होती. सबिनाने बजावलं की कॉपी करा, कट करू नका. पण फारुकला घाई. कॉपी करायची, मग तपासायचं, मग जुनीतलं काढायचं, एवढं कोण करत बसणार. त्याने सगळं निवडलं, कट केलं, नव्या डिस्कवर पेस्ट केलं आणि पट्टी पुढे सरकायला लागलेली बघून इंदापूरला एका दुकानाच्या उद्घाटनाच्या शूटिंगला निघून गेला. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी गेली होती. ते सारखं पीं पीं करतं म्हणून वैतागून त्यानेच ते काढून माळ्यावर टाकलं होतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती.

सावळारामआबांचा खंडेनवमीचा नेम कडक. औत, कुदळी, फवारणीचा पंप, मोटार, ट्रॅक्टर, घरातल्या विळीपर्यंत सगळं धुवून पुसून, हळदकुंकू लावून पाटावर बसवायचं. वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी विसावा. राबवलं तर पाप. नंतर ते गाळ्यांवर फेरी मारतात, प्रत्येकाच्या यंत्राला झेंडूचा हार घालतात. फारुकही दर वर्षी कॅमेरा नीट पुसून आबांपुढे ठेवतो आणि प्रसाद डोळ्यांना लावून खातो. या वर्षी आबा आले तर स्टुडिओ बंद. किल्ली त्यांच्याकडे होतीच. दार उघडलं तर आत अंधार, आणि टेबलावर एक छोटी काळी डबी एकटीच लुकलुकतेय.

सणाच्या दिवशीही बिचारं राबतंय, असं आबांना वाटलं. फारुक घाईत विसरला असणार. त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं, डबीची वायर हळुवार काढली, ओल्या फडक्याने तिला पुसलं, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि हात जोडले.

फारुक इंदापूरहून परतला तो खुशीतच. आत पाऊल टाकलं आणि पाटावरची, झेंडूत बुडालेली नवी हार्ड डिस्क दिसली. हार बाजूला करून त्याने वायर जोडली. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि मग पडद्यावर तोच प्रश्न आला. फॉरमॅट करू का? जुन्या डिस्कमध्ये बघितलं तर तीही जवळजवळ रिकामी. गावातली लग्नं जुन्या घरातून निघाली होती आणि नव्या घरी पोचली नव्हती.

ओरडावं तर कुणावर? पूजा केली होती माणसाने. फारुक स्टुलावर बसून राहिला. सबिना आली, तिने पडदा बघितला, पाट बघितला आणि नवऱ्याच्या शेजारी बसली.

"आवो, आपण दही संपवायच्या आधी विरजण बाजूला काढून ठेवतो का न्हाय," ती म्हणाली. "नवं लागलं, घट्ट झालं, हे बघितल्याबिगर जुनं भांडं कुणी विसळत न्हाय. एवढं साधं ह्या यंत्राला कुणी शिकवलं न्हाय व्हय?"

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. दसऱ्याचं सोनं वाटताना जो तो आबांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून डोळा मारत होता. नाच बरा मिटवलात, आबा. देवाचं नाव पुढं करून काटा काढला. आबा नेहमी असल्या बोलण्यावर काठी आपटायचे, त्या दिवशी आपटली नाही. ते सरळ फारुकच्या घरी आले आणि ओट्यावर बसले.

"मुद्दाम न्हाय केलं रं मी," आबा म्हणाले. "पुसायचं हुतं, व्हय. पर आता न्हाय. तिनं त्यापायी डोळ्याला सुरी लावून घेतली."

आबांचा आवाज असा खाली आलेला फारुकने कधी ऐकला नव्हता. त्याने त्यांना सांगितलं की चूक माझीच, कट मी केलं, यूपीएस माळ्यावर मी टाकलं. मग दोघांचं ठरलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने बारामतीला निघाले. हार्ड डिस्क आबांनी मांडीवर धोतराच्या सोग्यात गुंडाळून धरली होती. कंडक्टरने विचारलं, काय हाय आबा, तर म्हणाले, गावाची लग्नं हायत.

बारामतीत सौरभ नावाचा पोरगेला इंजिनिअर असली कामं करतो. त्याने डिस्कवरचं कुंकू बघितलं, गालात हसला आणि कामाला लागला. थोड्या वेळाने त्याने सांगितलं की घाबरू नका, माल बहुतेक जागेवर आहे. गेलाय तो ठेवणारा. म्हणजे हार्ड डिस्कमध्ये एक व्यवस्था असते, फाईल सिस्टीम म्हणतात; कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात आहे ते ती ध्यानात ठेवते. ती ऐन लिहीत असताना वीज गेली आणि तिचं डोकं फिरलं.

फारुकने विचारलं, सगळ्याच अशा वेड्या असतात का? सौरभ म्हणाला, नाही. शहाण्याही आहेत. काय करणार ते आधी टिपून ठेवतात, मग करतात. वीज गेली तर आल्यावर तिथून पुढे चालू. काही तर नवं नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय जुन्याला हात लावत नाहीत. पण बाजारातून आणलेल्या डिस्कवर बहुधा साधीच घातलेली असते, टीव्हीला, कॅमेऱ्याला, सगळीकडे चालावी म्हणून.

मग मात्र फारुकचा तोल गेला. त्याचं म्हणणं, दर वर्षी मोबाईलला नवा कॅमेरा, नवा रंग, घडी घालायचा पडदा. आणि माणसाने जीव लावून टिपलेलं सांभाळायची जी मूळ गोष्ट, तिथे सगळे हात वर करणार? माझी बायको जे दह्याचं करते ते या मोठ्या कंपन्यांना सुचू नये? आमच्याकडे वीज जाते हे काय गुपित आहे? खंडेनवमी दर वर्षी येते हे काय गुपित आहे? सौरभ म्हणाला की काका, मी हेच रोज म्हणतो, फक्त माझं ऐकायला समोर गिऱ्हाईक असतं, कंपनी नसते. आबा मान डोलावत होते. त्यांना फाईल सिस्टीम कळली नव्हती, पण विरजण कळलं होतं.

जवळजवळ सगळं परत मिळालं. पण कसं, तर नावं गेलेली, फोल्डर गेलेले, तारखा गेलेल्या. नुसते आकडे लावलेल्या हजारो फाईलींचा ढीग. कुणाची हळद, कुणाची वरात, कुणाचं डोहाळजेवण, सगळं एकात एक कालवलेलं. त्यात आबांचा नाच होता की नाही, हे एकेक उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि मुक्ताबाई तर पट्टी निघून, काळा चष्मा लावून, रविवारच्या गाडीने गावी येत होत्या.

रविवारी दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून फारुकने मोठा पडदा लावला. ओळखायला माणसं लागणार म्हणून सबिनाने पेठेत निरोप दिला होता, तर निम्मा गाव लोटला. आत जागा नाही म्हणून पोरं शटरखालून डोकी घालून बघत होती. फारुक एकेक फाईल उघडायचा आणि मागून आवाज यायचा, ही आमची, ही जावेच्या भावाची, आवं ही तर मीच की. सबिना भराभर नावं टाकत होती. ओळख पटली की हशा. एका वरातीत आताचे सरपंच लहान चड्डीत रडताना सापडले. एकीला तिची थोरली आई दिसली, जात्याशी बसून हळद दळणारी, आणि ती पदराने डोळे पुसत म्हणाली, जरा थांब फारुक, एवढं बघू दे. सगळे थांबले.

मुक्ताबाई पुढच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्यासाठी तर जत्राच भरली होती. इतकी वर्षं ज्या सुनांची बोलणी ऐकली त्यांची तोंडं त्या आत्ता बघत होत्या. ही ठमाबाईची सून व्हय, आवाजावरनं मला ही चांगली धिप्पाड वाटायची, असं त्या म्हणाल्या आणि चिपाडासारखी ती सून मागे लाजून चूर झाली. आबा दारापाशी, निम्मे उजेडात निम्मे अंधारात उभे होते.

पण नाच सापडेना. काकींना दिलेला शब्द फारुकच्या मानेवर बसला होता. एक फाईल उघडली तर पडदा नुसता काळा. आवाज तेवढा येत होता, गर्दीचा, अस्पष्ट. ही खराब झालीय, असं म्हणून फारुकने पुढची उघडायला हात नेला.

"थांब," मुक्ताबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. काळ्या पडद्यातून कसलीतरी घरघर येत होती. ती हळूहळू खाली आली आणि बंद पडली. पोरांचा ओरडा. मग धाडकन काहीतरी पितळी आपटल्याचा आवाज.

"दगडाबाईच्या हातनं हळदीत परात पडली हुती ती," मुक्ताबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. आता हलगी वाजंल."

हलगी कडाडली. ती हळद सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून ऐकून कुणालाच ओळखू आली नाही. मुक्ताबाईंनी ती नुसती ऐकली होती. पडद्यावर हिरवे चौकोन थरथरले, विरले, आणि त्यातून फेटा बांधलेले सावळारामआबा बाहेर आले. मुक्ताबाईंनी डोळे उघडले.

आबा नाचत होते. ताल बरा होता, पाय चुकत होते, हात तर कुणाचंच ऐकत नव्हते. आतबाहेर सगळ्यांनी एवढा गिल्ला केला की शेजारच्या गाळ्यातली गिऱ्हाइकं धावत आली. मुक्ताबाई मात्र हसत नव्हत्या. त्या पुढे वाकून बघत होत्या. फारुकच्याही आत्ताच लक्षात आलं, शूटिंग त्याने केलं असूनही. आबांची पाठ पाहुण्यांकडे होती. ते एका खांबासमोर नाचत होते, आणि खांबाशेजारच्या खुर्चीवर मुक्ताबाई होत्या. सगळा वेळ आबांची नजर त्या खुर्चीवरून हलली नव्हती.

मुक्ताबाईंनी दाराकडे मान वळवली. "मला दिसत न्हवतं म्हणून नाचला व्हय?"

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. सगळी पेठ आपल्याकडे बघतेय हे त्यांना दिसत होतं. "व्हय," ते म्हणाले. "दिसत असतं तर हसली असतीस."

"मग आता हसती की," मुक्ताबाई म्हणाल्या आणि खरंच हसल्या, पार मोकळ्या. "फारुक, ते परत लाव. आवं, या हिकडं. उजेडात या."

आबा जागचे हलेनात. मग काय झालं कोण जाणे, काठी त्यांनी शटरला टेकवून ठेवली, आत आले आणि शेमला कमरेला खोचला. पण उचललेला पाय तसाच ठेवून फारुककडे बघत म्हणाले, "आधी ह्याला त्यो कॅमेरा खाली ठेवाय सांग."

"ठेवू नगंस," मुक्ताबाई म्हणाल्या. "आन फारुक, ह्याचं विरजण आधी बाजूला काढ."

फारुकने फाईल पहिल्यापासून लावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. घरघर बंद पडली, परात आपटली. हलगी सुरू होताच सबिना गर्दीतून वाट काढत गेली आणि विजेच्या बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.